आल्याच्या कुळातील फुलांचे हाताने परागण : काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

सोनटक्क्याच्या फुलाला पराग लावले, दुसऱ्या दिवशी फूल गळले, फळ काही धरले नाही. पुन्हा केले, पुन्हा तेच. ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की आता मी आधी दोनच प्रश्न विचारतो : पराग नेमके कशावर लावले, आणि किती वाजता? बरेच जण पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. जास्वंदीत किंवा भोपळ्यात कुक्षी (पराग स्वीकारणारे मादी टोक) समोर दिसते आणि परागकोष (परागाच्या पिशव्या) वेगळे ओळखू येतात. आल्याच्या कुळात मात्र कुक्षीचा दोरा, म्हणजे कुक्षीवृंत, परागकोषाच्या दोन पिशव्यांमधून जातो आणि बहुतेक जातींचे फूल एकच दिवस टिकते. हे लक्षात न घेता कुंचला उचलला, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पुढची रीत आल्याच्या कुळासाठी आहे : हेडीचियम (सोनटक्का आणि त्याचे भाऊबंद), कुर्कुमा (हळदीचा गट), झिंजिबर (आल्याचा गट), अल्पिनिया (कुलिंजनाचा गट), वेलदोडा, ग्लोबा, एटलिंजेरा, केम्फेरिया. कर्दळीला ती लागू नाही. कर्दळीत कळी उमलण्याआधीच पराग चपट्या कुक्षीवृंतावर सांडलेले असतात. मॅरांटाच्या कुळातही नाही, कारण तिथे कुक्षीवृंत ताणलेल्या स्प्रिंगसारखा एकदाच उडतो आणि दुसरी संधी मिळत नाही. पेवाही शेजारच्या कुळातला. त्याचा मोठा ओठ (पाकळीसारखा पसरट भाग) पाच वंध्य पुंकेसर (पराग न देणारे नर अवयव) जुळून झालेला असतो, म्हणून त्याचे फूल वेगळे उघडून समजून घ्यावे लागते.

टप्पा १ : हे झाड बी धरू शकते का, ते आधी ठरवा

सरावासाठी लोक हळद किंवा आले निवडतात, कारण ती सहज मिळतात. नेमकी हीच निवड चुकते. लागवडीतल्या हळदीत ६३ गुणसूत्रे असतात, म्हणजे २१ चे तीन संच. तीन संच दोन वाटण्यांत सारखे विभागता येत नाहीत, त्यामुळे पराग आणि बीजांडे बहुतांशी निकामी होतात आणि बी क्वचितच धरते. आल्यात २२ गुणसूत्रे म्हणजे दोनच संच असतात, तरीही लागवडीतले आले फुलते कमी आणि बी धरत नाही. हजारो वर्षे गड्ड्यांवरच वाढवलेल्या या पिकांवर परागणाचे धडे गिरवू नका.

त्याऐवजी फळ धरलेले कोणी पाहिले आहे असे झाड शोधा. वेलदोडा सगळ्यात भरवशाचा, कारण त्याचे पीकच फळाचे आहे. सोनटक्का, कुलिंजन आणि हळदीच्या गटातल्या रानटी जातीही चालतील.

एकाच गड्ड्याचे तुकडे करून लावलेल्या दहा कुंड्या म्हणजे दहा झाडे नव्हेत, ते एकच झाड आहे. काही जाती स्वतःच्या परागाने फळ धरतात, काही तो नाकारतात. नाकारणारी जात असेल, तर त्या दहा कुंड्यांत पराग कितीही फिरवला तरी फळ येणार नाही. शक्य असेल तर वेगवेगळ्या ठिकाणाहून आणलेली, किंवा त्याहून चांगले म्हणजे बियांपासून वाढलेली, दोन झाडे हाताशी ठेवा.

सावधान : ग्लोबाच्या काही जातींत फुलोऱ्यावर फुलांच्या जागी लहान कंदिका येतात. तांबड्या छदांच्या (छद म्हणजे फुलाला कुशीत घेणारे पानासारखे आवरण) अल्पिनियात फुलोऱ्यावरच रोपे फुटतात. ही फळे नव्हेत. त्यांना फळ समजून नोंद केली, तर तुमची सगळी आकडेवारी खोटी ठरेल.

टप्पा २ : एक फूल उघडा आणि प्रत्येक भाग ओळखा

हा टप्पा कोणीही गाळू नये. कामाला लागण्यापूर्वी त्याच जातीचे ताजे फूल घ्या, पांढऱ्या कागदावर ठेवा, दहापट दाखवणारे भिंग आणि दोन सुया घ्या. बाहेरून आत या.

सर्वात बाहेर छद. त्याच्या कुशीत बहुधा एकाहून जास्त कळ्या असतात आणि त्या एकामागून एक उमलतात. मग नळीसारखा पातळ निदलपुंज (पाकळ्यांबाहेरचे आवरण), एका बाजूने चिरलेला. त्याच्या आतून प्रदलांची लांब नळी वर येते आणि टोकाला तिचे तीन अरुंद भाग होतात. खऱ्या पाकळ्या याच. सोनटक्क्यात त्या हिरवट, रिबिनीसारख्या मागे लोंबतात आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

मग तो मोठा, देखणा भाग कोणता? ते पुंकेसर. मूळ आराखड्यात सहा पुंकेसर होते, तीन बाहेरच्या वर्तुळात आणि तीन आतल्या. आतल्यांपैकी दोन जुळून ओठ झाला आहे आणि तिसरा एकटाच पराग देतो. बाहेरच्यांपैकी दोघे पाकळीसारखे पसरले आहेत, एक नाहीसा झाला आहे. पसरलेल्या त्या दोघांवरून तुमच्या हातातला गट ओळखता येतो. हेडीचियममध्ये ते पंखांसारखे मोकळे असतात. झिंजिबरमध्ये ओठाला चिकटल्यामुळे ओठ तीन भागांचा भासतो. कुर्कुमात ते आत वळून पुंकेसरावर छत धरतात. अल्पिनियात ओठाच्या बुडाशी दोन छोट्या दातांएवढेच उरतात.

आता एकुलता फलनक्षम पुंकेसर पाहा. केसरवृंताच्या (पुंकेसराच्या देठाच्या) आतल्या बाजूला खाच असते आणि त्या खाचेत केसासारखा बारीक कुक्षीवृंत पडलेला असतो. तो वर जातो, परागकोषाच्या दोन पिशव्यांच्या मधल्या चिमटीत शिरतो आणि वरून थोडा बाहेर डोकावतो. ते डोके म्हणजे कुक्षी. आकार एक-दोन मिलिमीटर, बहुधा वाटी किंवा फनेलसारखा, काठावर बारीक केसांची झालर. पराग त्या वाटीच्या तोंडाशी पोचायला हवा. ओठावर, पाकळीवर किंवा कुक्षीवृंताच्या बाजूला लागलेला पराग काहीही करत नाही.

शेवटी खाली जा. अंडाशय सगळ्या फुलाच्या खाली, छदाच्या आत असतो, बहुधा तीन कप्प्यांचा. त्याच्या माथ्यावर दोन बारीक ग्रंथी दिसतात. मकरंद त्यांतून झरतो आणि नळीच्या तळाशी साचतो.

यानंतर एक मुद्दाम करायची गोष्ट : त्याच फुलातला परागकोष चिमट्याने धरून वर ओढा. कुक्षीवृंत ताणला जाऊन तुटताना दिसेल. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की पाचव्या टप्प्यात हात आपोआप हलका होतो.

तपासणी : कुक्षी, परागकोषाच्या दोन पिशव्या, ओठ आणि अंडाशय हे चार भाग न अडखळता दाखवता येतात का? नसतील, तर आणखी एक फूल उघडा.

टप्पा ३ : फुलाचा दिवस तासातासाने लिहून काढा

वेळ चुकली की बरोबर जागी लावलेला परागही फुकट जातो. ठरावीक वेळापत्रक सगळ्या कुळाला लागू पडत नाही. वेलदोड्याची फुले पहाटे अंधारात उमलू लागतात आणि त्यांची कुक्षी सकाळच्या वेळात सर्वांत ग्रहणक्षम, म्हणजे पराग स्वीकारायला तयार, असते. सोनटक्का संध्याकाळी उमलतो आणि अंधार पडताच त्याचा वास दाटतो. लांब नळीच्या तळाशी सोंड पोचवणाऱ्या निशाचर पतंगांसाठी ती वेळ आहे. हळदीच्या गटातली फुले सकाळची. म्हणून दुसऱ्या कोणाची वेळ उसनी घेऊ नका. तीन-चार कळ्यांना दोरा बांधा आणि दर तासाला चारच गोष्टी लिहा : कळी केव्हा उमलली, परागपिशव्या केव्हा फाटल्या, कुक्षी कुठे आहे आणि ओली दिसते का, फूल केव्हा मलूल झाले.

‘कुक्षी कुठे आहे’ हा प्रश्न अल्पिनियासाठी निर्णायक ठरतो. तिच्या अनेक जातींत एकाच जातीची झाडे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात सकाळी परागपिशव्या फाटतात आणि कुक्षी वर, कीटकाच्या वाटेबाहेर असते. दुपारच्या सुमारास कुक्षीवृंत खाली वाकतो आणि कुक्षी वाटेत येते. दुसऱ्या प्रकारात बरोबर उलटे : सकाळी कुक्षी खाली वाकलेली आणि पिशव्या बंद, दुपारी कुक्षी वर सरकते आणि मग पिशव्या फाटतात. झाडाचा प्रकार बदलत नाही. डोळ्यांसमोर काही तासांत फूल नराचे मादी किंवा मादीचे नर होते, आणि हे पाहायला मिळावे म्हणून तरी सकाळ ते दुपार झाडाजवळ बसावे असे मला मनापासून वाटते.

याचा व्यवहारात अर्थ असा : सकाळी पहिल्या प्रकाराचा पराग घेऊन दुसऱ्या प्रकाराच्या कुक्षीवर लावायचा. दुपारनंतर दुसऱ्याचा पराग पहिल्याच्या कुक्षीवर. दोन्ही झाडे एकाच प्रकारची निघाली, तर सकाळचा पराग दुपारपर्यंत सांभाळावा लागतो, किंवा आदल्या दिवशीचा पराग वापरावा लागतो. ‘माझी अल्पिनिया बीच धरत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी आपल्याकडे कोणता प्रकार आहे हे आधी पाहावे.

कुक्षी ग्रहणक्षम आहे का, याची घरगुती चाचणी सोपी आहे. ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा लहान थेंब कुक्षीवर सोडा आणि भिंगातून पाहा. जोमाने बुडबुडे आले तर ती तयार आहे. चाचणी केलेले फूल परागणासाठी वापरू नका. कुक्षीवर आधीच पराग असेल किंवा ती चिमट्याने दुखावली असेल तरीही बुडबुडे येतात, म्हणून चाचणीचे फूल आदल्या दिवसापासून झाकलेले आणि धक्का न लागलेले असावे.

झाडाजवळ बसलाच आहात तर पाहुणेही नोंदवा, पण त्यांच्या नुसत्या येण्यावर विसंबू नका. मोठ्या वेलदोड्याच्या फुलावर मधमाश्या येतात आणि पराग नेतात, पण फळ धरवण्याचे काम भुंग्यांसारख्या गुबगुबीत बंबलबीकडून चांगले होते, कारण ओठ आणि पुंकेसर यांच्यामधल्या जागेत तिचे अंग घट्ट बसते आणि पाठ कुक्षीला लागते. कीटकाच्या अंगाचा कोणता भाग कुक्षीला टेकतो, तेवढेच पाहा. कुक्षीला न शिवता मकरंद किंवा पराग नेणाऱ्या पाहुण्याचा फळाशी संबंध नाही.

टप्पा ४ : साहित्य जमवा आणि फुलोरा आखून घ्या

बारीक टोकाचे दोन चिमटे, धारदार पात्याची लहान सुरी, टोकदार सुई, भिंग, स्पिरिट, कापूस, बारीक जाळीच्या कापडी पिशव्या, पातळ दोरा, शिसपेन्सिल आणि चिठ्ठ्या. कुंचला मी मुद्दाम यादीत घेतलेला नाही. कारण सातव्या टप्प्यात आहे.

प्लास्टिकची पिशवी वापरू नका. आत वाफ धरते, छदांत बुरशी येते आणि परागकणांना पाणी लागून ते फुटतात. या कुळाच्या परागकणांचे बाहेरचे कवच फार पातळ असते, त्यामुळे ते उन्हात झटपट सुकतात आणि पाण्यात झटपट फुटतात. पावसाचे दिवस असतील तर कुंडी छपराखाली आणा. झाड जमिनीत असेल तर फुलोऱ्यावर छत्रीसारखा आडोसा करा.

मग फुलोरा आखा. प्रत्येक छदात एक-दोनच कळ्या ठेवा, बाकीच्या सुईने काढून टाका. न काढल्यास आठवड्याने त्याच छदात दुसरे फूल उमलेल आणि फुगलेला अंडाशय कोणत्या फुलाचा हे सांगता येणार नाही. उमलून गेलेली जुनी फुले आणि त्यांचे अंडाशयही काढा.

उमलण्याचा क्रम प्रत्येक गटात सारखा नसतो. बहुतेकांत खालून वर, पण बोसेनबर्जियात (याच कुळातला आणखी एक गट) टोकाचे फूल आधी उमलते आणि क्रम खाली येतो. खालच्या कळ्यांची वाट पाहत बसलात तर वरची फुले हातची जातील. केम्फेरिया आणि एटलिंजेराच्या अनेक जातींचे फुलोरे जमिनीलगत येतात. त्यांना पिशवी बांधता येत नाही. तारेचा लहान पिंजरा करून त्यावर जाळी ताणा आणि कडा मातीत दाबा, म्हणजे मुंग्याही थांबतील.

कुर्कुमा आणि झिंजिबरच्या काही जातींच्या छदांत पाणी साठते आणि फुले त्यातूनच वर येतात. काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी कापसाच्या बोळ्याने ते टिपून घ्या.

टप्पा ५ : परागकोष काढणे

सगळ्यात जास्त फुले याच टप्प्यात मरतात. घाई करायची नाही, आणि खाली दिलेला क्रम उलटा करायचा नाही.

वेळ : कळी पूर्ण वाढलेली, रंग आलेली, पण पिशव्या फाटलेल्या नाहीत अशी. पहाटे उमलणाऱ्या जातींत आदल्या दिवशी दुपारनंतर, संध्याकाळी उमलणाऱ्यांत त्याच दिवशी सकाळी. कळी फार कोवळी निवडली तर कुक्षीवृंत वाढ पूर्ण न करताच सुकतो. उशीर केला तर पराग आधीच कुक्षीवर पडलेला असतो. वेळेचा अंदाज तिसऱ्या टप्प्यातल्या वहीतूनच येतो, दुसरा मार्ग नाही.

अ. कळी डाव्या हाताच्या दोन बोटांत अलगद धरा. जोर फक्त नळीवर, टोकावर नाही.

आ. पात्याच्या टोकाने प्रदलांचा वरचा भाग उभा चिरा. चीर ओठाच्या बाजूने द्या. पुंकेसर त्याच्या समोरच्या बाजूला असतो, म्हणून पाते तिकडे नको. नळी चिरू नका, कारण आत कुक्षीवृंत मोकळा उभा आहे.

इ. चिरेतून ओठ आणि बाजूचे वंध्य पुंकेसर चिमट्याने मागे वळवा किंवा कापून टाका. आता पुंकेसर समोर येतो.

ई. एक परागपिशवी तिच्या बाहेरच्या कडेने चिमट्यात धरा आणि कडेकडेने, लांबीच्या दिशेने सोलल्यासारखी वेगळी करा. मग दुसरी. दोन पिशव्यांना जोडणारी मधली पट्टी आणि तिच्यावर टेकलेला कुक्षीवृंत तसाच राहू द्या. वर ओढायचे नाही, पिळायचे नाही.

उ. भिंगातून पाहा : कुक्षीवर पिवळे कण दिसतात का? दिसले तर ते फूल बाद. कण पुसून फूल वाचवायचा मोह आवरा. केसांच्या झालरीत अडकलेले कण पुसले जात नाहीत.

ऊ. चिमट्याची टोके स्पिरिटने पुसा, सुकू द्या, मगच पुढची कळी घ्या. लगेच पिशवी बांधा.

गटानुसार अडचणी वेगळ्या येतात. हेडीचियममध्ये केसरवृंत लांब आणि बाहेर आलेला असल्याने काम सोपे, म्हणून हात बसवण्यासाठी हाच गट घ्या. झिंजिबरमध्ये परागकोषाच्या माथ्यावर चोचीसारखा लांब भाग असतो आणि तो कुक्षीवृंताला लपेटून घेतो. तिथे आधी सुईने ते लपेटणे उलगडा, मग पिशव्यांना हात लावा. कुर्कुमात परागकोष छताखाली दडलेला असतो, आणि पुष्कळ जातींत त्याच्या बुडाला दोन काटे असतात. उमललेल्या फुलात बोथट सुई घशातून आत सरकवून पाहा. सुई त्या काट्यांना ढकलते, परागकोष तरफेसारखा खाली झुकतो आणि सुईच्या पाठीला पराग आणि कुक्षी दोन्ही टेकतात. मधमाशीच्या पाठीवर असेच घडते. कळीत काम करताना या काट्यांना धक्का लागला तर सगळा परागकोष कुक्षीसकट कलंडतो, हे ध्यानात ठेवा. काटे नसलेल्या कुर्कुमाही आहेत, तेव्हा न सापडल्यास शोधत बसू नका.

दोन प्रकारांच्या अल्पिनियात एक सवलत आहे. ज्या झाडात सकाळी कुक्षी खाली आणि पिशव्या बंद असतात, त्याच्या उमललेल्या फुलावर सरळ पराग लावता येतो. दुपार होण्याआधी पिशव्या काढून टाकल्या की झाले.

तपासणी : काम झाल्यावर कुक्षीवृंत सरळ, चकचकीत आणि ओलसर दिसतो का? मध्येच दुमडलेला किंवा तपकिरी पडलेला असेल, तर ते फूल आत्ताच काढून टाका, चिठ्ठी लावत बसू नका.

टप्पा ६ : पराग मिळवा आणि तपासा

नर म्हणून वापरायचे फूलही आदल्या दिवशी झाकलेले असावे. उघड्या फुलावर कीटकांनी दुसऱ्या झाडाचा पराग सोडलेला असू शकतो. पिशव्या फाटल्या की पुंकेसर वृंतासकट कापा आणि झाकणाच्या लहान डबीत, सावलीत ठेवा. त्याच दिवशी वापरा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलाच तर वापरण्याआधी पुन्हा तपासा.

झटपट तपासणीसाठी काचपट्टीवर ॲसिटोकार्मिनचा (परागकण लाल रंगवणारे द्रावण) थेंब घेऊन त्यात पराग मिसळा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. भरलेले, गोल, लाल झालेले कण चांगले, पोकळ आणि सुरकुतलेले निकामी. हळदीचा पराग या रीतीने एकदा जरूर पाहा, पहिल्या टप्प्यातली सूचना का दिली ते डोळ्यांना दिसेल. मात्र कण रंगला म्हणजे तो रुजेलच असे नाही. मरू घातलेला कणही रंगतो.

खात्री हवी असेल तर पराग रुजवून पाहा. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १०० ग्रॅम साखर, १०० मिलिग्रॅम बोरिक आम्ल, ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, २०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १०० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट. इतकी कमी वजने साध्या काट्यावर मोजता येत नाहीत, म्हणून क्षारांची प्रत्येकी दहापट मात्रा एका लिटरमध्ये विरघळवा आणि वापरताना दहापट पातळ करा. साखर शेवटी, ताजी घाला. द्रावणाच्या थेंबात पराग सोडून काचपट्टी झाकलेल्या डबीत ओल्या टिपकागदाजवळ ठेवा आणि काही तासांनी पाहा. परागनलिका कणाच्या व्यासाहून लांब झाली असेल तरच तो कण रुजला असे धरा. एखाद्या जातीला साखरेचे प्रमाण मानवत नाही. एकही कण रुजला नाही तर ५ आणि १५ टक्के साखर घेऊन पुन्हा करा, मगच परागाला दोष द्या.

टप्पा ७ : पराग लावणे

या कुळाचा पराग चिकट असतो, गोळ्यागोळ्यांनी निघतो. कुंचल्याच्या केसांत तो अडकून बसतो आणि पुढच्या संकरात नको तिथे उतरतो. म्हणून पूर्ण पुंकेसरच चिमट्यात धरा आणि फाटलेली पिशवी कुक्षीच्या तोंडावर टेकवा. कुर्कुमासारख्या आखूड पुंकेसरांच्या फुलांत सुईच्या बोथट टोकावर पराग घ्या.

दाबायचे नाही. वाटीच्या तोंडावर हलकेच टेकवा, किंचित फिरवा, मागे घ्या. मग भिंगातून पाहा : वाटीचे तोंड पिवळ्या कणांनी भरलेले दिसले पाहिजे. नुसत्या झालरीच्या केसांवर कण असतील तर पुन्हा टेकवा. शक्य असेल तर तासाभराने दुसऱ्यांदा लावा, कारण कुक्षी नेमकी किती वाजता पूर्ण तयार होते हे फुलागणिक थोडे मागेपुढे होते.

परागनलिकेला कुक्षीपासून अंडाशयापर्यंत कुक्षीवृंताची पूर्ण लांबी कापायची असते. लांब नळीच्या फुलांत हे अंतर कित्येक सेंटिमीटर भरते. म्हणून मलूल होऊ लागलेले फूल ‘काम झाले’ म्हणून खुडू नका. ते आपणहून सुटेपर्यंत राहू द्या.

सावधान : फूल दुसऱ्या दिवशी गळणे हे अपयशाचे लक्षण नाही. फळ धरणार असो वा नसो, फूल गळतेच. निकाल अंडाशय सांगतो, आणि तो आठवडाभर तरी बोलत नाही.

टप्पा ८ : चिठ्ठी आणि तुलनेची फुले

चिठ्ठीवर मादी झाड आधी, मग गुणाकाराचे चिन्ह, मग नर झाड, तारीख आणि वेळ. शिसपेन्सिलने लिहा, शाई पावसात वाहते. दोरा अंडाशयाला नव्हे, छदाच्या बुडाला बांधा.

नुसता संकर हवा असेल तर एवढे पुरे. पण ‘ही जात स्वतःचा पराग स्वीकारते का’, ‘कीटक कमी पडतात का’ असे काही ठरवायचे असेल, तर तुलनेची फुले हवीतच. काही फुले नुसती झाकून ठेवा आणि हात लावू नका. काहींचे परागकोष काढून झाका, पराग लावू नका. काहींना त्यांचाच पराग लावा, काहींना दुसऱ्या झाडाचा. काही उघडी सोडा. प्रत्येक गटात किमान दहा-पंधरा फुले, आणि ती एकाच फुलोऱ्यावर न घेता अनेक फुलोऱ्यांत वाटलेली, कारण एका फुलोऱ्याचे पोषण ठरावीक फळांनाच पुरते.

परागकोष काढून नुसत्या झाकलेल्या फुलांनी फळ धरले, तर पाचव्या टप्प्यात पराग सांडला असण्याची शक्यता मोठी. हात न लावता झाकलेल्या फुलांनी फळ धरले, तर फूल स्वतःच परागण उरकते. या कुळात तशी उदाहरणे आहेत : कॉलोकेम्फेरिया या गटाच्या एका जातीत पराग तेलकट थरातून हळूहळू घसरत स्वतःच्याच कुक्षीपर्यंत पोचतो. उघड्या फुलांपेक्षा हाताने परागण केलेल्यांत फळे स्पष्टपणे जास्त आली, तर परागवाहक कमी पडत आहेत. आणि सगळ्याच गटांत शून्य असेल तर पहिल्या टप्प्याकडे परत जा.

टप्पा ९ : फळ, बी आणि पेरणी

आठवड्यानंतर छद किंचित बाजूला करून अंडाशय पाहा. टणक, हिरवा, फुगत असलेला असेल तर धरला. पिवळा पडून बोटाने हलत असेल तर गेला. रोज उघडून पाहिल्याने छद फाटतो आणि आतले कोवळे फळ उघडे पडते, म्हणून आठवड्यातून एकदा पुरे. पाणी साठणाऱ्या छदांतले पाणी मात्र टिपत राहा, कारण फळ कुजण्याचे तेच मोठे कारण आहे.

पक्व होण्याचा काळ गटागटात वेगळा. वेलदोड्याला सुमारे १२० दिवस लागतात. मसाल्यासाठी तो उकलण्याआधी तोडतात, बियांसाठी झाडावर पूर्ण पिकू द्या. हेडीचियमचे बोंड तीन फाकांत उकलते आणि आतल्या पिवळ्या-नारिंगी भिंतीवर लाल गराच्या बिया दिसतात. हळदीच्या गटाचे फळ छदाआड फुटते आणि पांढऱ्या गरासाठी मुंग्या बिया उचलून नेतात. महिनाभर जपलेला संकर असा एका रात्रीत जातो. फळ फुगले की लगेच त्यावर बारीक जाळीची पिशवी घट्ट बांधा, उकलण्याची वाट पाहू नका.

बिया काढल्या की गर त्याच दिवशी काढा : पाण्यात चोळा, उरलेला चिकटपणा जाड वाळूत घोळून घालवा, पुन्हा धुवा. उन्हात वाळवू नका आणि पाकिटात भरून पुढच्या हंगामासाठी ठेवू नका. बहुतेक जातींचे बी सुकले की रुजण्याची शक्ती गमावते. सच्छिद्र, ओलसर मिश्रणात बियांच्या जाडीएवढ्याच खोलीवर पेरा, कुंडी उबदार सावलीत ठेवा. काही बिया काही आठवड्यांत उगवतात, काही कित्येक महिने घेतात, त्यामुळे कुंडी लवकर ओतून टाकू नका. फुलोऱ्यावरची चिठ्ठी सोडवा आणि तीच या कुंडीत रोवा. नवी चिठ्ठी लिहिताना मादी आणि नर यांची अदलाबदल सहज होते.